फोटो एडिटिंग आणि गिटार: हात चालतोय, पण स्वतःचं काही उतरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विचारू की नको करत बरेच दिवस गेले, आज धागा काढतेच.

मी दिवसभर हिशेबाचं काम करते. तिथे चूक न होणं हेच कौशल्य, नवीन काही सुचायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी फोटो एडिटिंग शिकायला लागले आणि गेल्या आठ महिन्यांपासून गिटार. रात्री सगळं आवरलं की सव्वा तास माझा असतो आणि तो मी जिवापाड जपते. आता दोन्हीकडे हात बरा चालतो, पण जे तयार होतं ते माझं वाटत नाही.

आधी फोटोचं सांगते. मी गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरते. लेयर (फोटोचे एकावर एक थर), मास्क (थराचा भाग झाकणं-उघडणं), कर्व्ह (उजेड-काळोख कमीजास्त करणारी रेषा), हीलिंग ब्रश (डाग पुसणारा) एवढं जमतं. मास्कवर काळ्या ब्रशने झाकायचं आणि पांढऱ्याने उघडायचं हे ज्या दिवशी कळलं, त्या रात्री आनंदाने झोप लागली नव्हती. पण शिकले ते सगळं व्हिडिओ बघून. त्यामुळे कुठलाही फोटो उघडला की हात त्याच क्रमाने फिरतो. सावल्या उजळ करायच्या, कॉन्ट्रास्ट थोडा वर, रंग थोडे गडद, कडांना काळोख. माझे दहा फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच माणसाने केलेले वाटतात, आणि तो माणूस मी नाही.

मागच्या महिन्यातलं उदाहरण देते. आमच्या इमारतीच्या जिन्यात दुपारी चारच्या सुमाराला वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरपी पट्टी बरोबर तीन पायऱ्यांवर पडते. बाकी जिना जवळजवळ काळा असतो. एका रविवारी चढता चढता थांबले आणि फोनवर फोटो काढला. रात्री सावल्या वर ओढल्या तशा कठड्याच्या सळया दिसायला लागल्या, मग भिंतीचा पोपडा, मग कोपऱ्यातली कुणाची तरी चप्पल. काळ्या भागात दाणे वर आले. ते घालवायला नॉइज कमी केला, तर पायऱ्या मेणाच्या दिसायला लागल्या. दीड तासाने मूळ फोटो शेजारी उघडला, तर तोच कितीतरी चांगला होता. त्या रात्री फार वाईट वाटलं.

गिटारवर ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी हे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) येतात आणि मेट्रोनोमच्या मिनिटाला ६० ठोक्यांवर न अडखळता बदलता येतात. एफ मात्र बसत नाही. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकलं की दोन तारा हमखास मुक्या होतात. मग मी बारीक चार तारांपैकी तीनच दाबते आणि सगळ्यात बारीक तार मोकळी वाजते. हे चुकीचं आहे ते कळतं, पण तो आवाज कानाला इतका गोड लागतो की मी तिथेच घुटमळते. तोच आकार दोन फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) वर सरकवते, परत खाली आणते. त्यात सराव राहून जातो. शिवाय वाजवते ती सगळी दुसऱ्यांची गाणी, दुसऱ्यांच्या स्ट्रमिंगमध्ये.

तर मला विचारायचंय ते असं. दोन्ही छंद बरोबर चालवावेत की एक काही महिने बाजूला ठेवावा? एडिटिंग कुठे थांबवायचं हे तुम्ही कसं ठरवता? एफ कसा बसवू? आणि दुसऱ्यांचं गिरवता गिरवता स्वतःचं कधी सुरू होतं? ते आपोआप होतं की त्यासाठी वेगळं काही करावं लागतं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

सव्वा तास दोघांत वाटला तर दोन्हीही अर्धवट राहतील असं मला वाटतं. गिटारला बोटांची सवय लागते, ती रोजच्या सरावाने टिकते. फोटो कुठे पळून जात नाहीत. सहा महिने फक्त गिटार करा, मग बघा.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत नाही, पण ते शेवटी. आधी एफ.

एफ न बसण्याचा दोष दरवेळी बोटाचा नसतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तोच आकार एक फ्रेट वर धरून बघा. अचानक सोपं गेलं तर तुमच्या गिटारचा नट (गळ्याच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) उंच आहे, म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी तारा फार वर आहेत. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून नटच्या खाचा बघून घ्या, ते काम घरी करू नका. तारा .०१२ च्या (जाडी इंचात) असतील तर .०१० चा बारीक संच लावून बघा, बोटांना लगेच फरक जाणवेल. आडवं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलवा, कारण बोटाची कड जास्त टणक असते आणि पेरांच्या मधल्या खळग्यात तार अडकत नाही. फ्रेटच्या अगदी मागे दाबा. बार, म्हणजे हे आडवं बोट, शिकायला सुरुवात पाचव्या फ्रेटवर करा आणि तिथे जमला की एकेक फ्रेट खाली या. पहिला फ्रेट सगळ्यात कठीण, आणि नेमकी तिथूनच आपल्याला सुरुवात करायला लावतात.

आता त्या 'चुकी'बद्दल. ताई, ती चूक नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही वाजवताय तो एफ मेजर सेव्हन. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला आणि पहिली तार मोकळी, बरोबर ना? आपल्या भाषेत, एफला सा धरा. ए म्हणजे शुद्ध गंधार, सी म्हणजे पंचम, आणि ती मोकळी ई म्हणजे शुद्ध निषाद. वरच्या षड्जाच्या अगदी उंबऱ्यावर उभा असलेला स्वर, म्हणून कान तिथे थांबतो. तोच आकार दोन फ्रेट वर नेला की खालचे तीन स्वर जी, बी, डी होतात. आता सा म्हणजे जी, आणि तीच मोकळी ई शुद्ध धैवत झाली. या कॉर्डला जी सिक्स म्हणतात. तार तीच, तिला कुणी हात लावलेला नाही, आणि तिचा अर्थ मात्र बदलला.

जिथे घुटमळताय तिथेच राहा. रोज दहा मिनिटं फक्त हे दोन कॉर्ड, कुणाचंही गाणं नाही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्या दिवशी ऐकू नका, आठवड्याने ऐका.

आणि एक छंद सोडण्याबद्दल. कॅनडाच्या गायिका जोनी मिशेल गाणी लिहितात, गिटार वाजवतात आणि चित्रंही काढतात. त्यांच्या कित्येक अल्बमच्या वेष्टनांवर त्यांचीच चित्रं आहेत. वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला आणि नेहमीचे कॉर्ड जड जायला लागले. मग त्यांनी गिटारच्या ताराच निराळ्या स्वरांत लावल्या आणि त्यातून त्यांचा नाद तयार झाला. गाणं आटलं की त्या चित्राकडे वळत आणि त्याला पिकांची फेरपालट म्हणत. शेताला एकच पीक सतत घेतलेलं मानवत नाही. तुमच्याकडे दोन पिकं आहेत, एक का उपटायचं?

प्रतिसाद ३

मी फक्त फोटोंबद्दल लिहितो.

तुम्ही जिन्यात थांबलात त्या उन्हाच्या पट्टीसाठी. ती पट्टी दिसली कारण बाकी सगळं काळं होतं. सावल्या उजळल्यावर जिना दिसायला लागला आणि पट्टी हरवली. माझ्या मते हाताच्या सवयीने घात केला, तुमची नजर अगदी बरोबर होती. म्हणून फोटो एडिटला घेण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मी इथे का थांबले? मग प्रत्येक स्लायडरपाशी ती ओळ वाचा. जे त्या ओळीला मदत करत नाही ते करू नका. थांबायचं कुठे, याचंही माझ्यापुरतं उत्तर तेच. ओळ खरी झाली की फाइल बंद.

थोडं तांत्रिक. फोनचा जेपीईजी ८ बिटचा असतो, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. त्यातल्या गडद भागाच्या वाट्याला थोड्याच येतात, शिवाय जेपीईजी जागा वाचवायला बारकावे टाकून देतो. ताणल्यावर दाणे आणि डाग दिसणारच. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) १६,३८४ पायऱ्या असतात. तुमचा फोन रॉ देत असेल तर महत्त्वाचे फोटो त्यात काढा.

तुम्ही रात्री काम करता ना? बऱ्याच स्क्रीन अंधारात आपोआप मंद होतात. मंद स्क्रीनवर फोटो असतो त्यापेक्षा काळा वाटतो आणि आपण सावल्या उगाच वर ओढतो. रात्रीचा पिवळा प्रकाश चालू असेल तर रंगही फसवतात. दोन्ही बंद ठेवा आणि खोलीतला दिवा चालू ठेवा. तुमची निम्मी अडचण इथेच असू शकते.

महिनाभर एकच साधन वापरा, कर्व्ह. बाकी कशालाही हात लावू नका. आधी गुदमरल्यासारखं होईल. पण ठरलेला क्रमच चालवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फोटोकडे नव्याने बघावं लागतं. मूळ लेयर खाली तसाच ठेवा, बदल वरच्या प्रतीवर करा आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रतीची ओपॅसिटी (अपारदर्शकता) निम्मी करून बघा. माझ्या बाबतीत दहापैकी सात वेळा निम्मंच बरोबर ठरतं.

अँसेल अ‍ॅडम्स हे थोर छायाचित्रकार आधी पियानोवादक व्हायला निघाले होते. ते निगेटिव्हला संगीतकाराने लिहून ठेवलेल्या स्वरलिपीची उपमा देत आणि प्रिंटला तिच्या वादनाची. तेव्हा तुमचे दोन छंद मला फारसे लांबचे वाटत नाहीत. मूळ फाइल तीच राहते, आज तुम्ही ती कशी वाजवता एवढंच.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय काय सांगणार.

कॅपो लावून पाहिला. तोच आकार इतका सहज वाजला की मी पुन्हा पुन्हा वाजवून खात्री केली. नट उंचच होता. आता नीट करून घेतलाय. पाचव्या फ्रेटवर बार स्वच्छ येतो, तिसऱ्यावर येतो, पहिल्यावर एक तार अजून मुकी राहते. आठ महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

स्क्रीनचंही खरं निघालं. ती रात्री आपोआप मंद होत होती.

जिन्याचा फोटो पुन्हा उघडला. कागदावर लिहिलं: "तीन पायऱ्या जाग्या आहेत, बाकी जिना झोपलाय." मग कर्व्ह घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सावल्या खाली ओढल्या. चप्पल गेली, पोपडा गेला. पट्टीच्या कडेला उन्हात तरंगणारी धूळ होती, ती आधी मला दिसलीच नव्हती. पंधरा मिनिटांत फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी ओपॅसिटी निम्मी करून पाहिली, पण या फोटोला पूर्णच हवी होती. तशीच ठेवली.

आठवड्याने रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा त्या दोन कॉर्डच्या मध्ये मी दरवेळी नकळत थोडी थांबतेय असं लक्षात आलं. ते थांबणं मला आवडलं. आता तो फोटो समोर ठेवून तेच वाजवते. गाणं म्हणता येणार नाही, पण कुणाचं गिरवलेलंही नाही.

पहिल्या प्रतिसादाबद्दल: तुमची काळजी कळते, पण एक सोडवत नाहीये. आठवड्याचे चार दिवस गिटार आणि तीन दिवस फोटो असं ठरवलंय.

आता एकच प्रश्न. एफ मेजर सेव्हन, जी सिक्स, आणि मग? तिसरा कुठला घेऊ? सी नेहमीच्या जागी वाजवला तर एकदम परका वाटतो.

प्रतिसाद २

तोच आकार धरून वर जा. चौथ्या तारेवर दहावा फ्रेट, तिसरीवर नववा, दुसरीवर आठवा. पहिली तार तशीच मोकळी. तुम्हाला निखळ सी मेजर मिळेल, आणि आधी निषाद, मग धैवत झालेली ती तार इथे गंधार होईल. घाई न करता सरकवा, बोटं तारांवरून उचलू नका. घासल्याचा आवाज येईल, तो राहू द्या. आणि मधलं ते थांबणं सोडू नका.