शब्दचर्चा: चळवळीला ‘सदस्य’ असतात का?

तळटीप
अमेरिकेतल्या युद्धविरोधी चळवळीवरचं एक प्रकरण मराठीत करते आहे. गाडी ‘सदस्य’ या साध्या शब्दापाशी अडली आहे.

प्रसंग १९६० चा. ‘सेन’ ही अण्वस्त्रचाचण्यांविरुद्धची संघटना, स्थापना १९५७. १९ मे १९६० ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिची सभा, गर्दी वीस हजारांच्या घरात. सभेआधीच सिनेटर थॉमस डॉड यांच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने मुख्य आयोजक हेन्री एब्रम्स यांना साम्यवादी संबंधांबद्दल साक्षीला बोलावलं. हे मॅनहॅटनच्या वेस्ट साइड शाखेचे अध्यक्ष. त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीचा (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा) आधार घेऊन उत्तरं नाकारली. ‘सेन’चे सहअध्यक्ष नॉर्मन कझिन्स यांनी त्यांना दूर केलं. पुढे ‘सेन’च्या मंडळाने ठराव केला, की साम्यवादी किंवा अन्य एकाधिकारशाही विचारांशी बांधलेल्यांना संघटनेत जागा नाही. न्यूयॉर्क भागातल्या शाखांना या अटीवर नव्याने मान्यता घ्यायला लावली आणि बऱ्याच शाखा बाहेर पडल्या.

माझं वाक्य: ‘साम्यवाद्यांना चळवळीच्या सदस्यत्वातून वगळण्यात आलं.’ संपादकांनी ‘सदस्यत्व’ खोडून ‘सभासदत्व’ केलं आणि ‘वगळण्यात’च्या जागी ‘वाळीत टाकण्यात’. काय ठेवू?

अर्धविराम
दोन्ही खोडा. चळवळीला सदस्यही नसतात आणि सभासदही नसतात. माणूस चळवळीत असतो, उतरतो, ओढला जातो. चळवळीची पावती कुणी फाडत नाही. वही, वर्गणी आणि मत, या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथेच हा शब्द लावावा. ‘सेन’कडे शाखा होत्या, १९५८ च्या उन्हाळ्यापर्यंत सव्वाशेच्या वर शाखा आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसं. म्हणून ‘संघटनेतून’ लिहा. ‘चळवळीतून’ लिहिलंत तर अर्थच चुकतो, कारण बाहेर काढलेली माणसं चळवळीत होतीच की.

मोडी
सदस्य आणि सभासद हे समानार्थी नाहीत, वापर बघा. ग्रामपंचायतीचा सदस्य, पतसंस्थेचा सभासद. विधान परिषदेचे सदस्य, साखर कारखान्याचे सभासद. संचालक मंडळाचा सदस्य हा सहसा संस्थेचा सभासद असतो, उलटं नाही. निवडून किंवा नेमून खुर्ची मिळाली की सदस्य. पैसे भरून नाव लागलं की सभासद. त्या हिशेबाने ‘सेन’च्या मंडळाचे सदस्य आणि शाखांचे सभासद. संपादक अर्धे बरोबर आहेत.

मुळात ‘सदस्य’ म्हणजे यज्ञाच्या सदसात (मंडपात) बसून कर्मावर लक्ष ठेवणारा ऋत्विज. म्हणजे डॉडसाहेब खरे सदस्य!

हजेरीपट
ग्रामपंचायतीचा ‘सदस्य’ फक्त फलकावर. गावात तो ‘मेंबर’च असतो, ‘मेंबर आले का’ असंच विचारतात. मेंबर मराठी झाला आहे, वापरा की.

मोडी
बोलण्यात वापरा. ‘मेंबरत्व’ लिहून दाखवा मग पुढे बोलू.

कानामात्रा
अर्धविराम यांची वही-वर्गणी-मत ही कसोटी ब्रिटनमध्ये लावून बघा. तिथली अण्वस्त्र निःशस्त्रीकरण मोहीम फेब्रुवारी १९५८ मध्ये लंडनच्या सेंट्रल हॉलमधल्या सभेने सुरू झाली. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल अध्यक्ष, कॅनन जॉन कॉलिन्स कार्याध्यक्ष. पहिली काही वर्षं तिला राष्ट्रीय पातळीवर रीतसर सभासदच नव्हते. वरची समिती लोकांनी निवडलेली नव्हती. पाठिराखे स्थानिक गटांत. हे मुद्दाम होतं: सभासद नाहीत म्हणजे मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे कुठला पक्ष आत शिरून संघटना ताब्यात घेईल ही भीती नाही. पण तोट्याची बाजूही तीच. मतभेद झाला तर तो सोडवायला सभाच नाही.

म्हणून ऑक्टोबर १९६० मध्ये तो बाहेर फुटला. कॉलिन्स मजूर पक्षाचं मन वळवण्याच्या बाजूचे, रसेल सविनय कायदेभंगाच्या. रसेल यांनी अध्यक्षपद सोडलं आणि ‘शंभरांची समिती’ निघाली. ते शंभर सभासद नव्हते, सह्या करणारे होते. जबाबदारी शंभर डोक्यांवर सारखी वाटायची, म्हणजे सरकारला चार पुढारी उचलून भागणार नाही. पहिल्या ठिय्यासाठी (१८ फेब्रुवारी १९६१, व्हाइटहॉल) अट होती: किमान दोन हजार जणांनी बसण्याचा लेखी शब्द दिला तरच बसायचं. याला मराठीत काय म्हणाल? सभासद नाही, समर्थक नाही. मी ‘वचनबद्ध’ म्हणेन, पण तो शब्द आता बँकांच्या जाहिरातींनी खाल्ला.

पाऊलखूण
‘शपथकर्ते’?

कानामात्रा
कोर्टाचा वास येतो. तसे पुढे ते कोर्टात गेलेच. सप्टेंबर १९६१ मध्ये रसेल यांना शिक्षा झाली दोन महिन्यांची, ती उतरवून सात दिवस केली. वय ८९. त्याच महिन्यात ट्रॅफल्गार चौकात तेराशेहून जास्त अटका.

तळटीप
रसेल मनोरंजक आहेत, पण माझं ‘वाळीत’ राहिलं.

अर्धविराम
‘वाळीत’ अजिबात नको. वाळीत जात टाकते, गाव टाकतं: पाणी बंद, लग्नकार्य बंद, मयताला कुणी येत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला तो याच अर्थाने. एब्रम्सच्या घरी कुणी जेवायला जाऊ नये असा ठराव ‘सेन’ने केला नव्हता.

तुमच्या प्रसंगात चार वेगळ्या क्रिया आहेत आणि ‘वगळणे’ हे एकच क्रियापद चारही झाकतं, म्हणून वाक्य बेचव झालंय. एब्रम्स यांना पदावरून दूर केलं. पुढे येणाऱ्यांना मज्जाव केला. शाखांची मान्यता काढून घेतली. काहींनी स्वतः राजीनामे दिले, उदाहरणार्थ रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी आपलं नाव काढून घेतलं. हकालपट्टी आत असलेल्याची होते, मज्जाव दारात उभ्या असलेल्याला. ‘निलंबन’ वापरू नका, त्यात परत येण्याची वाट उघडी राहते.

आणि पॉलिंगना ‘प्रायोजक’ करू नका, मंडपावरचा फ्लेक्स दिसतो. लेटरहेडवर नाव देणारे ते ‘पुरस्कर्ते’.

हजेरीपट
मज्जाव म्हणजे ‘मत जाव’. व्युत्पत्ती माझी, पुरावा शून्य.

मोडी
शून्यच राहू दे.

पाऊलखूण
वहीच नसेल तर मज्जाव कसा करणार, याचं उत्तर ‘सेन’मधल्या या वादाच्या पुढच्याच वर्षी मिळालं. १ नोव्हेंबर १९६१ ला ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ उभी राहिली. सभासद यादी नाही, वर्गणी नाही, निवडलेले पदाधिकारी नाहीत. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीने तिच्या बायकांना बोलावलं. समिती विचारणार तरी काय? ‘तुम्ही सभासद आहात का’ या प्रश्नालाच बूड नव्हतं. साक्षीला जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात पुष्पगुच्छ, मागे टाळ्या. संघटनेच्या संस्थापक डॅगमार विल्सन यांना विचारलं, साम्यवाद्यांना बाहेर ठेवाल का. त्यांचं म्हणणं, येणाऱ्यांवर आमचा ताबा नाही, आणि जगातले सगळे यात आले नाहीत तर देवच वाचवो.

इथे ‘सहभागी’ हा एकच शब्द चालतो.

कानामात्रा
आणि अमेरिकी विद्यार्थ्यांच्या ‘एसडीएस’ने (स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी) जून १९६५ च्या अधिवेशनात घटनेतलं साम्यवाद्यांविरुद्धचं कलमच काढून टाकलं. त्याला ‘मज्जावाचं कलम’ म्हणता येईल, छान बसतं. पण कलम निघालं म्हणून भांडण संपलं नाही, ते दारातून फलकावर गेलं. २७ नोव्हेंबर १९६५ च्या व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या वॉशिंग्टन मोर्चात ‘सेन’ला मान्य घोषणांचेच फलक हवे होते: वाटाघाटी, शस्त्रसंधी. डाव्या गटांना ‘तत्काळ माघार’ हवी होती. माघार हा शब्द तळटीप यांनी जपून वापरावा. मराठीत माघार हरलेला घेतो, किंवा अर्ज भरलेला उमेदवार. तेव्हा ‘सैन्य परत आणा’ जास्त नेमकं.

अर्धविराम
व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीतली १९७१ ची दुफळीही मराठीत सुंदर बसते. एका आघाडीची एकच मागणी: युद्ध थांबवा, मोठा आणि कायदेशीर मोर्चा काढा. दुसरीला वंशभेद, गरिबी, दडपशाही हेही हवं होतं, शिवाय कायदेभंग. म्हणजे एककलमी विरुद्ध बहुकलमी. फक्त ‘एककलमी’त आपण थोडी थट्टा ऐकतो, ती इथे नको. २४ एप्रिलला दोघी एकत्र चालल्या, आणि ३ मे रोजी वॉशिंग्टनचे रस्ते अडवताना एका दिवसात सात हजारांच्या आसपास अटका झाल्या.

मोडी
दुफळी: दोन फळ्या. फळी म्हणजे सैन्याची रांग. आघाडी, फळी, मोहीम, मोर्चा. युद्धाविरुद्ध बोलायला आपल्याकडे युद्धाचेच शब्द. मोर्चा तर फारसीतून आलेला, मूळ अर्थ खंदक, तोफा लावायची जागा. ‘अण्वस्त्रविरोधी मोर्चा’ ऐकून पेशव्यांचा सरदार बुचकळ्यात पडला असता.

हजेरीपट
मग लंडन ते ऑल्डरमास्टन (ब्रिटनचं अण्वस्त्र केंद्र) ‘पदयात्रा’ म्हणा. चार दिवस, ५२ मैल, ईस्टर १९५८. पुढच्या वर्षीपासून उलट दिशेने, ऑल्डरमास्टनहून लंडनला, म्हणजे शेवट गर्दीत होतो.

पाऊलखूण
पदयात्रा म्हटलं की भूदान, नाहीतर निवडणूक.

मोडी
आणि ‘शांतता चळवळ’? लोकांना वाटेल भोंगे बंद करा म्हणताहेत. ‘शांततावादी’ आणि ‘युद्धविरोधी’ यांतही फरक हवा. ‘सेन’वाले सगळेच शांततावादी नव्हते, कुठल्याच युद्धाला न मानणारा तो शांततावादी, यांना अणुचाचण्या बंद हव्या होत्या. उलट जागतिक शांतता परिषदेमुळे १९५० च्या दशकात ‘शांतता’ शब्दावर सोव्हिएत शिक्का बसला होता. आपले गोव्याचे दामोदर कोसंबी त्या चळवळीत सक्रिय होते. शब्द टाळायचं अमेरिकेत कारण हेही.

तळटीप
सगळं टिपून घेतलं. आता वाक्य असं: ‘मंडळाने संघटनेत साम्यवाद्यांना मज्जाव केला आणि अट न मानणाऱ्या शाखांची मान्यता काढून घेतली.’ ‘सभासद’ आलाच नाही. संपादक विचारतील, गेला कुठे?

अर्धविराम
त्यालाही दूर केलं म्हणा.

हजेरीपट
मोडी, मोर्चा खंदक असेल तर ‘मोर्चा नेला’ कसं म्हणतो आपण? खंदक नेतात का?

मोडी
तोफा पुढे सरकवल्या की मोर्चा पुढे सरकतो. उद्या सविस्तर लिहितो.