मदत हवी आहे: उद्या पुण्यात अर्धा दिवस, पेठांत आधी काय नंतर काय?

गोदाकाठ
उद्याच जायचंय म्हणून पटकन सांगा. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई आणि तांबट आळी असं करायचंय, कुठून सुरुवात करू? सगळीकडे नुसते फोटो सापडतात, क्रम कोणीच सांगत नाही.

पेठकर
उद्या म्हणजे कधी? सकाळ की दुपार? सोबत कोण? गाडी आहे का? दुपारी एक ते चार आलात तर काही दुकानांची शटरं बघून परत जाल, मग आम्हाला नावं ठेवू नका.

चिंचेचं_झाड
सिंहगडला जा सरळ. पिठलं-भाकरी, दही, झालं.

गोदाकाठ
सिंहगड विचारलाच नाहीये हो! नाशिकहून गाडीने येतोय, नऊपर्यंत पोचू.

पेठकर
गाडी पेठेत आणू नका. मागे आमच्या पाहुण्यांनी आणली होती, तासभर नुसते गोल फिरले. नाशिक फाट्यावर मेट्रो धरा, गाडी तिकडेच कुठेतरी लावा. कसबा पेठ स्टेशनला उतरून तांबट आळी, मग लाल महाल (तो नव्याने बांधलेला आहे, मूळचा नाही), शनिवारवाडा, रिक्षाने विश्रामबाग, शेवटी मंडई आणि तिथूनच परतीची मेट्रो.

खलबत्ता
आणि तांब्याची भांडी दिवसभर काखेत मारून हिंडायचं का?? उलटं करा. मंडई स्टेशनला उतरा, तांबट आळी सगळ्यात शेवटी.

पेठकर
उलटं केलं तर शनिवारवाडा भर उन्हात येतो. आत सावली कुठाय, १८२८ च्या आगीत सगळं गेलं, उरले चौथरे.

खलबत्ता
म्हणून काय तांब्याचा बंब काखेत घेऊन शनिवारवाड्याचं कारंजं बघायचं?
मंडईत शिरलात की भाजीवाल्यांच्या डोक्यावर बघा, १८८६ ची अष्टकोनी इमारत आहे, लोक कोथिंबिरीचा भाव करतात आणि वर मान करत नाहीत. विश्रामबाग (१८०७, दुसरा बाजीराव) समोरच्या फुटपाथवरून बघा, दर्शनी भागाचं लाकडी कोरीवकाम तिथूनच नीट दिसतं. तांबट आळीत मठारकाम बघायला थांबा. ठोका पडला की तांब्यावर नाण्याएवढा चकचकीत खळगा उठतो, त्याला खेटून पुढचा, हात जराही चुकत नाही. तेवढा वेळ बोलणं ऐकू येत नाही म्हणून भाव आधी करून घ्या.

सुरुची_वाई
मिसळ कुठे खाणार?

गोदाकाठ
मिसळ आमच्या नाशकात खाऊ. बरं, आई आहे बरोबर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं.

पेठकर
अहो हे आधी सांगायचं ना! पाच ठिकाणं विसरा. आईंना तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात बसवा, बोळांतल्या गर्दीत नेऊ नका. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरचे हत्तीसाठीचे खिळे बाहेरूनच दाखवा.

खलबत्ता
आणि थेट रिक्षाने तांबट आळी. म्हणजे माझाच क्रम.

गोदाकाठ
आईला वाचून दाखवलं. म्हणतेय मंदिरात बसणार नाही, आधी तांबट आळीच, आणि जुन्या पातेल्याला कल्हई करून मिळेल का तिथे?