बेसी हेड: वेडाची लेखिका की गावाची वार्ताहर?

मुळाक्षर (धागा)

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या लेखिका बेसी हेड यांचे नाव निघाले की पुस्तकांआधी त्यांची जन्मकथा पुढे येते. ज्या पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर १८९३ साली गांधींना गाडीतून उतरवले गेले, त्याच गावातल्या मनोरुग्णालयात १९३७ साली त्यांचा जन्म झाला. आई गोरी, वडील काळे आणि कायमचे अज्ञात. काही वर्षे एका पालक कुटुंबात काढल्यावर त्या दरबानच्या मिशनरी वसतिगृहात गेल्या, आणि तिथे कोवळ्या वयात त्यांना ऐकवले गेले की आई वेडी होती, जपून राहिली नाहीस तर तूही तशीच होशील. ही कथा इतकी जबरदस्त आहे की तिने लेखिकेलाच झाकून टाकले, अशी माझी तक्रार आहे.

हेड पेशाने पत्रकार होत्या. १९५८ साली शिक्षिकेची नोकरी सोडून त्या केपटाउनला 'गोल्डन सिटी पोस्ट'मध्ये वार्ताहर म्हणून लागल्या आणि पुढे जोहान्सबर्गला त्याच समूहाच्या 'होम पोस्ट'मध्ये किशोरवयीनांसाठीचे सदर चालवू लागल्या. १९६४ साली, पुन्हा परतता येणार नाही अशा एकतर्फी परवान्यावर, लहान मुलाला घेऊन त्यांनी दक्षिण आफ्रिका सोडली आणि बोत्सवानातले सेरोवे गाव गाठले. (देशाचे हे नाव दोन वर्षांनी, स्वातंत्र्याबरोबर आले.) 'सेरोवे: व्हिलेज ऑफ द रेन विंड' हे १९८१ चे पुस्तक म्हणजे त्याच गावातल्या शंभरएक माणसांशी झालेली बोलणी आहेत. छप्पर शाकारणारा, मडकी घडवणारी, कातडे कमावणारा असे एकेक जण स्वतःच्या तोंडाने बोलतात आणि लेखिका चार ओळींची ओळख करून देऊन बाजूला होते. दारूबंदी करणारे व वधूमूल्याची चाल मोडणारे तिथले टोळीप्रमुख खामा तिसरे, त्यांचे पुत्र त्शेकेदी आणि शाळा काढणारे पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग या तिघांच्या कामाच्या आधाराने तिथे एका गावाचा शतकभराचा इतिहास उभा राहतो. माझ्या मते हे हेड यांचे सर्वांत भरीव काम आहे. 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' ही वेडाच्या अनुभवातून आलेली गाजलेली कादंबरी नंतर वाचली तरी चालेल, किंबहुना नंतरच वाचावी.

तिसरा प्रहर

धागाकर्त्यांशी पूर्ण असहमत. 'गोल्डन सिटी पोस्ट' हे गुन्हे, लफडी आणि खेळ यांवर चालणारे साप्ताहिक होते आणि हेड यांनी या समूहात काढली ती जेमतेम दोन-अडीच वर्षे. तेवढ्यावरून त्यांना 'पेशाने पत्रकार' म्हणणे म्हणजे दोन वर्षे वकिलाच्या हाताखाली काढलेल्या कादंबरीकाराला कायदेपंडित ठरवण्यासारखे आहे. शिवाय ज्या पुस्तकाला आपण गावाचा आवाज म्हणता, त्या गावाची सेत्स्वाना भाषा त्यांना अखेरपर्यंत धड बोलता आली नाही आणि मुलाखतींत दुभाषी मध्ये असत. मग माणसे 'स्वतःच्या तोंडाने' बोलतात, हे कितपत खरे?

जन्मकथेचेच पाहा. तबेल्यातल्या काळ्या नोकराशी संबंध आला म्हणून आईला वेडी ठरवून डांबले, असे हेड आयुष्यभर मानत आल्या. पुढे चरित्रकारांनी कागदपत्रे पाहिली, तेव्हा आईचा आजार त्या गरोदरपणाच्या आधीचा निघाला. स्वतःच्या जन्माची बातमी न तपासलेल्या बाईंना मी वार्ताहर म्हणून नव्हे, कादंबरीकार म्हणून वाचतो आणि मानतो. १९७१ साली सेरोवेच्या पोस्टाबाहेर राष्ट्राध्यक्षांवर भलभलते आरोप करणारा कागद त्यांनी लावला, लोबात्सेच्या मनोरुग्णालयात महिने काढले आणि त्यातून उठून १९७३ साली 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' दिली. असे पुस्तक 'नंतर वाचावे' म्हणणे हा निर्जंतुक वाचनाचा हट्ट झाला.

जुनी डेस्क

बातमी तपासली नाही, हा आरोप वाचून राहवले नाही. मी पंचवीस वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, म्हणून विचारते: तपासणार कुठे जाऊन? कागद पीटरमारित्झबर्गला, हेडबाई सेरोवेला, आणि परवाना असा की सीमा ओलांडून परत यायचे नाही. १९७९ साली बोत्सवानाचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्या निर्वासित म्हणून राहिल्या, पोलिसांकडे नियमाने हजेरी देत. माहितीचे दार बाहेरून बंद असलेल्या माणसाला 'खातरजमा केली नाही' म्हणणे मला क्रूर वाटते.

दुभाष्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि धागाकर्तीने त्याला उत्तर द्यावे.

कोरडवाहू

मी साहित्याचा माणूस नाही. आमची शेती पावसावरची, आणि त्यामुळेच एका मित्राने 'व्हेन रेन क्लाउड्स गॅदर' (१९६८) हातात दिली. आपण दोघेही ज्या पहिल्या कादंबरीबद्दल गप्प आहात, तिच्यात गोलेमा म्मिडी नावाचे दुष्काळी गाव आहे. गिल्बर्ट हा इंग्रज शेतीतज्ज्ञ तिथल्या लोकांना सांगतो की ज्वारीपेक्षा बाजरी कमी पाण्यावर तगते, तीच पेरा. लोक ऐकत नाहीत, कारण बाजरी हे हलक्या मानलेल्या जमातींचे पीक. पावसाने ओढ दिली तरी चालेल, पण त्यांचे धान्य आपल्या शेतात नको! हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ बसून राहिलो. कुणाच्या ताटात कुठली भाकरी यावरून माणूस जोखणारी मंडळी मला परकी नाहीत.

हे निरीक्षण टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी बांधावर उभे राहून माणसांना विचारावे लागते. म्हणून माझा कौल धाग्याच्या बाजूने. एक तक्रार आहे ती 'मारू'बद्दल (१९७१). अस्पृश्यासारख्या वागवल्या जाणाऱ्या मसार्वा जमातीची शिक्षिका मार्गारेट, आणि तिची सुटका कशाने, तर भावी टोळीप्रमुखाने तिच्याशी लग्न केल्याने. ही बातमी कळताच साऱ्या मसार्वांच्या मनाची दारे उघडली, असे लेखिका म्हणते. आमच्याकडच्या दलित आत्मकथनांवर पोसलेल्या वाचकाला ही मुक्ती वरून टाकलेल्या भाकरीसारखी वाटली तर नवल नाही.

मुळाक्षर

'मारू'बद्दल सहमत. ती कादंबरी मला आवडते, पण तिचा शेवट पटत नाही.

दुभाष्यांबद्दल: होय, ही मर्यादा खरी आहे आणि 'स्वतःच्या तोंडाने' हे शब्द मी सैल वापरले. पण भाषा येत नसताना माणसांच्या दारात बसून ऐकणे, आणि जे ऐकले त्यावर आपली टिप्पणी न चढवणे, यालाही शिस्त लागते. शिवाय त्या मुलाखती पुस्तकापुरत्या राहिल्या नाहीत. 'द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स' (१९७७) मधल्या कथा त्याच ऐकण्यातून निघाल्या. नवऱ्याची हत्या करून तुरुंगात आलेल्या डिकेलेडीच्या कथेत सर्वांत जास्त जागा तिच्या शिवणकामाला, विणकामाला आणि शेजाऱ्याच्या भल्या वागण्याला आहे. खुनाला मोजकीच वाक्ये मिळतात. गुन्ह्यांच्या बातम्या छापणाऱ्या साप्ताहिकात उमेदवारी केलेली बाई असे लिहिते, याचा अर्थ ती त्या साप्ताहिकातून नेमके काय लिहू नये ते शिकून बाहेर पडली होती.

तिसरा प्रहर

हा शेवटचा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे. 'सेरोवे' मी निम्मेच वाचून ठेवले होते, ते पुरे करीन. मात्र 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' म्हणजे नुसता भ्रमांचा कल्लोळ, असा जो समज आपल्या धाग्यात डोकावतो, तो काढून टाका. रात्री नायिका एलिझाबेथच्या खोलीत छळणाऱ्या आकृत्या येतात, हे खरे. पण दिवसा ती भाजीच्या सहकारी बागेत राबते. केप गूजबेरीची, म्हणजे आपल्या रसभरीची, रोपे लावते आणि जाम करते. प्रत्यक्षातही हेड यांनी सेरोवेत हेच केले होते. कादंबरीत एलिझाबेथ रुग्णालयात असताना केनोसी ही गावातली अबोल बाई बाग सांभाळते आणि भाजीच्या विक्रीचा हिशोब तोडक्यामोडक्या स्पेलिंगांत वहीत लिहून ठेवते. परत आल्यावर एलिझाबेथ ती वही उघडते. मला तरी त्या कादंबरीतल्या कुठल्याही भुतापेक्षा टोमॅटोच्या किमतीची ती नोंद जास्त आठवते. आता ती नोंद तुमच्या वार्ताहराच्या खात्यात घालायची की माझ्या कादंबरीकाराच्या, ते सांगा.