मिनी ट्रॅक्टरला मुरूम फोडायचा रिपर घरी करायचाय, कसा करू?

माळावरचा_डाळिंबवाला (आटपाडी)

नमस्कार मंडळी. दोन एकर माळ आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम, मधेमधे धोंडे. यंदा डाळिंबाच्या ओळी धरायच्यात. ट्रॅक्टर 22 एचपीचा मिनी. कल्टिव्हेटर लावला तर फण नुसते वरून घासत जातात, आणि रोटाव्हेटरची पाती तर पहिल्याच दिवशी बोथट. जेसीबीचा तास परवडत नाही, शिवाय तो आहे ती माती खाली गाडून मुरूम वर काढून जातो ते वेगळंच. ट्रकचे जुने कमानपाटे पडून आहेत, भावाकडे वेल्डिंग मशीन आहे. दोन फणांचा रिपर करावा म्हणतो, दीड-दोन फूट गेला पाहिजे. कुणी केलाय का?

फॅब्रिकेशन_सांगोला

दादा, दोन फण डोक्यातून काढा. एकच करा, आणि दीड फूट एका दमात जाईल ही आशाही सोडा.

एचपी बघू नका, वजन बघा. तुमचा ट्रॅक्टर आठशे-नऊशे किलोचा असणार. रान चांगलं असेल तर ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं ओढतो, म्हणजे चारशे-साडेचारशे किलो. ताशी दोन किलोमीटरने तेवढं ओढायला चार एचपीसुद्धा लागत नाहीत. इंजिनात जोर भरपूर आहे, पण तो जमिनीपर्यंत पोचतच नाही, चाक जागेवर गरगरतं. मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरा, पुढे वजनं टाका. मग एका फणाने पहिल्यांदा सहा इंच, परत त्याच तासातून नऊ-दहा इंच, असं उतरत जा. एकदम खोल घातला की मुरूम वर उचलला जात नाही, कडेला दाबून घट्ट होतो. वरून रेघ छान दिसते आणि खाली काही सुटलेलं नसतं.

कमानपाट्यांना वेल्डिंग करू नका. ते स्प्रिंगचं पोलाद, वेल्डच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं. पाहुणे लोक हौसेने करून आणतात आणि तुकडे घेऊन माझ्याकडे येतात. फणासाठी साधी 25 मिमी जाडीची, 125 मिमी रुंद पट्टी घ्या. टोकाला जेसीबीच्या बकेटचा दात लावा, ॲडॅप्टरसकट (दात ज्यावर बसतो तो तुकडा). झिजला की पिन ठोकून काढायची, नवा घालायचा. दाताचा जमिनीशी कोन 25 ते 30 अंश ठेवा. त्याहून उभा केला तर तो आत शिरतच नाही, ट्रॅक्टर मागून उचलायला बघतो. ॲडॅप्टर जोडताना 7018 चा वेल्डिंग रॉड वापरा, तोही भट्टीत कडकडीत वाळवलेला. दोन्ही तुकडे गॅसने दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवा आणि जोडून झालं की राखेत पुरा. वर पाणी ओतायचं नाही! हे मी गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगतो, तरी कुणीतरी बादली घेऊन उभाच असतो.

हुकची, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी जोडतात त्याची मापं: कॅटेगरी एकला (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीचं ठरलेलं माप) खालच्या पिना 22 मिमी, वरची 19. पण मिनीत बऱ्याच गाड्यांची रुंदी कमी असते, म्हणून पट्टी कापायच्या आधी स्वतःच्या ट्रॅक्टरला टेप लावा.

बिजवडीची_शेतकरीण (माण)

अवजाराचं दादांनी सांगितलं ते बरोबरच. मी वेळेचं सांगते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचा मुरूम दगडासारखा होतो, त्यात फण घालण्यात अर्थ नाही. वळवाचा एखादा चांगला पाऊस पडला की पाणी मुरू द्या आणि वाफशावर चालवा. हातात घेतलेला मुरूम बोटांनी चुरला जातो पण चिकटत नाही, तीच वेळ. काळ्या रानात उलट करतात, तिथं कोरड्यातच खोल मारलं की भेगा पडतात. आणि उताराला आडवं चालवा, नाहीतर तेवढ्याच तासातून पहिल्या पावसात माती निघून जाईल. धोंडे वेचायला माणसं आधीच ठरवून ठेवा, ट्रॅक्टरपेक्षा तेच जास्त वेळ खातं.

जुना_ऑपरेटर

प्रामाणिक मत: मोठे धोंडे जेसीबीनेच काढा, दोन तासांत मोकळे व्हाल. मिनीने खडकाशी कुस्ती खेळू नये. फण अडकला म्हणून साखळी वरच्या टॉप लिंकच्या जागी बांधून झटका मारणारे पाहिलेत. ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावर येतो. ओढ कायम खालूनच पाहिजे. अडकला तर क्लच दाबा, लिफ्ट उचला, मागे घ्या. वळतानाही फण आधी वर.

माळावरचा_डाळिंबवाला

सगळ्यांचे आभार. मोठे धोंडे जेसीबीलाच देतो. पण बारके जे जमिनीत दिसत नाहीत त्यांना फण अडला तर? 25 मिमीची पट्टी वाकली नाही तर लिफ्टचे हात जातील ना?

फॅब्रिकेशन_सांगोला

आता मुद्द्याचं विचारलंत. म्हणूनच तुटणारा बोल्ट ठेवायचा. फण दोन गालपट्ट्यांच्या मधे धरा. खाली जाड पिन, त्यावर फण फिरेल. तिच्या बरोबर 10 सेंमी वर 10 मिमीचा एक साधा बोल्ट, दोन्ही गालपट्ट्यांतून आरपार. फणाचं टोक खालच्या पिनेपासून 60 सेंमीवर असेल तर टोकावरचा ताण त्या बोल्टवर सहापट होऊन येतो. हिशोबाने टोकाला सहाशे-साडेसहाशे किलोचा धक्का बसला की बोल्ट कापला जाईल आणि फण मागे झुलून वर येईल. तुमच्या ट्रॅक्टरची रोजची ओढ त्याच्या आत आहे, म्हणजे उगाच तुटणार नाही. बोल्टचा आटे नसलेला भाग गालपट्ट्यांच्या कडेशी आला पाहिजे, आट्यांवर कापला तर फार लवकर जातो.

दुकानदार 'मजबूत देतो' म्हणून डोक्यावर 8.8 छापलेला बोल्ट देईल. परत करा, तो जास्त ताकदीचा, वेळेवर तुटणार नाही. साधा, 4.6 चाच मागा, मूठभर घ्या आणि टूलबॉक्समध्ये ठेवा. कापलेला तुकडा भोकात अडकतो, तो काढायला एक पंच आणि हातोडीही सोबत असू द्या.