जट कापायची की डोंगराला न्यायची?

खानापूरकर: आमच्या गल्लीतल्या नववीतल्या पोरीच्या डोक्यात जट झालीय. घरच्यांनी फणी बंद केली, डोक्यावरून न्हाणं बंद केलं, आणि मंगळवार-शुक्रवार जटेला भंडारा लावालेत. सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीनं बोलावलंय म्हणे! केस विंचरले-धुतले नाहीत की गुंततात, त्यात तेल, घाम, हळद बसली की गठ्ठा होतो. डॉक्टरांकडं याला प्लायका पोलोनिका असं नाव आहे. याच जटेपायी पूर्वी पोरी देवदासी म्हणून देवीला सोडल्या. माझं मत, आजच कापा.

सौंदत्तीची लेक: कापा म्हणायला तुमचं काय जातंय? माझ्या सासूबाईंना हयातभर जट होती. संसार केला, शेत केलं. पुनवेला यल्लम्माच्या डोंगराला जायच्या, तिथल्या जोगुळभावीत अंघोळ करायच्या. कुणी त्यांना देवीला सोडून जोगतीण केलं नाही. त्यांचं डोकं, त्यांची मर्जी.

खानापूरकर: सासूबाईंची मर्जी होती, मान्य. ह्या पोरीला कुणी विचारलंय?

वकीलसाहेब: देवदासी सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ लाच कायदा झाला, बेळगाव तेव्हा त्यातच. कर्नाटकाचा १९८२ चा. पण दोन्ही पोरगी सोडण्याबद्दल आहेत, जटेबद्दल नाहीत. घरच्यांना कायद्याचा धाक घालाल तर दार बंद होईल.

कात्रीवाला, शहापूर: मी कापल्यात, म्हणून सांगतो. एका झटक्यात होत नाही. मुळाशी नवे मोकळे केस आलेले असतात, तिथं बोट घालून, टाळू सांभाळत थोडं थोडं कापायचं. आत उवा असतात, कधी जखमा. ओझ्यानं मान दुखत असते ते वेगळंच. पण नंतर घरात कुणाला ताप आला तरी खापर माझ्यावर! सगळ्यांचा होकार असल्याशिवाय मी हात लावत नाही.

निपाणीची मावशी: जावळ काढतो, तिरुपतीला केस देतो, तेव्हा कुठला देव कोपतो? ही पण कापून यल्लम्मालाच वाहा की.

खानापूरकर: देवीच्या नावानं कापली तर पुढच्या पोरीची जट पण देवीचीच ठरणार. मला हे पटत नाही.

निपाणीची मावशी: तुमचं तत्त्व राहू दे बाजूला. वर्गात शेजारी कुणी बसत नसेल त्या पोरीच्या.

सौंदत्तीची लेक: पोरगी हो म्हणाली तर माझी हरकत नाही. डोंगराला मी नेते तिला. घरात अडून कोण बसलंय?

खानापूरकर: आजी. बाप तयार आहे, पण आईपुढं बोलत नाही. तुम्हीच या, माझं ती ऐकून घेणार नाही.