पोल घेण्याआधी शीड मोजा

दादा, तुम्ही विचारलंत की जेनोआ, म्हणजे बोटीचं पुढचं मोठं शीड, बाहेर ताणून धरायला केवढा पोल (दांडा) घ्यावा. तुमचा 'जे' ४ मीटर, जेनोआ 'जे'च्या १३५ टक्के, आणि वर एकानं सांगितलं की पोल डोळे झाकून 'जे'एवढाच घ्या. स्पिनेकरसाठी, म्हणजे मागच्या वाऱ्यात पुढं फुगणाऱ्या शिडासाठी, ते बरोबरच. 'जे' म्हणजे डोलकाठीच्या पुढच्या कडेपासून फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या, बुडापर्यंतचं अंतर. पण तुम्हाला ताणायचाय जेनोआ! त्याची खालची कड साडेपाच मीटरच्या आसपास भरणार. ४ मीटरच्या पोलवर पोटात झोळ राहतो अन् बोट डुलली की शीड फडफडतं. मग एक तर ते थोडं गुंडाळायचं, नाहीतर पोल ५ मीटरपर्यंत लांबणारा हवा.

लांबणारा म्हणजे दुर्बिणीसारखा सरकणारा बरं का. आम्ही पैठणची माणसं, नाथसागराच्या काठावर वाढलेली, तरी अद्दल घडली रत्नागिरीच्या समुद्रात. मित्राच्या बोटीवर ५ मीटरचा अखंड पोल होता. जाइब करताना, म्हणजे मागचा वारा दुसऱ्या बाजूनं घेऊन शीड पलटवताना, तो फोरस्टेच्या आतून निघेचना. मी डोलकाठीला मिठी मारलेली, मित्र पुढं पालथा, आणि पोलचं टोक रेलिंगमध्ये अडकलेलं. सरकणारा असता तर आखडून 'जे'एवढा केला असता, झालं.

फक्त जेनोआसाठीचा हा हलका पोल, ज्याला व्हिस्कर पोल म्हणतात, तो जोराच्या वाऱ्यात स्पिनेकरला लावू नका. बाजूच्या वाऱ्यात तर नकोच, दाबानं वाकतो.