कस्टम हुक लॉजिक शेअर करतो, स्टेट नाही
रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीबद्दल विचारलंय की एकच कस्टम हुक (आपण स्वतः लिहिलेलं, पुन्हा वापरता येणारं फंक्शन) दोन कंपोनंटमध्ये (पेजच्या वेगवेगळ्या भागांत) वापरला तरी एकातला बदल दुसऱ्यात का दिसत नाही. अहो, हुक फक्त लॉजिक शेअर करतो, प्रत्येक कॉलला स्वतःची वेगळी स्टेट (कंपोनंट लक्षात ठेवतो ती माहिती) मिळते, रिअ‍ॅक्ट १६.८ मध्ये २०१९ला हुक आले तेव्हापासून हे असंच आहे. स्टेट एकच हवी असेल तर ती पेरेंटमध्ये (दोन्हींना सामावणाऱ्या वरच्या कंपोनंटमध्ये) वर न्या, नाहीतर कॉन्टेक्स्टमध्ये (आतल्या सगळ्या कंपोनंटना वाचता येणाऱ्या सामायिक जागेत) ठेवा. आणि हो, सर्चसाठी डिबाउन्सचा (टायपिंग थांबेपर्यंत वाट पाहून मगच रिक्वेस्ट पाठवणारा) हुक लिहाल तेव्हा इफेक्टमधून (रेंडरनंतर चालणाऱ्या कोडमधून) आधीचं काम आवरणारं क्लीनअप फंक्शन रिटर्न कराच, त्यात टायमर रद्द करणारं क्लिअरटाइमआउट हवं, नाहीतर टाइप केलेल्या प्रत्येक अक्षराचा टायमर चालूच राहतो आणि सर्व्हरला तेवढ्याच रिक्वेस्ट जातात, माझी यात अख्खी दुपार गेली होती. हुकचं नाव मात्र 'यूज'नेच (use) सुरू करा, लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) त्यावरूनच हुक ओळखतो.